हापसा काढू नका, सोबत मोटार टाका : मापं, दुरुस्ती आणि हिशेब

दुधनाकाठ
नळयोजना आली की गावात पहिली कुऱ्हाड हापशावर पडते. हापशाच्या बोअरला, म्हणजे विंधन विहिरीला, पाणी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून वरचं डोकं उतरवतात, पाइप भंगारात घालतात आणि त्याच भोकात मोटार सोडतात. मग डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली, केबल तुटली किंवा बिल थकून वीज तोडली की वस्तीला प्यायला पाणी नाही आणि दुसरी सोयही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हापसा काढू नये. मोटार टाकायची तर त्याच्या सोबत टाकावी, आणि गावातल्या निदान चार जणांना तो उघडता-जोडता यावा. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी इथं मापांसकट लिहावं.

थोडं मागचं सांगतो, कारण हे यंत्र मराठवाड्याच्या नात्यातलं आहे. १९६० च्या दशकात विंधन विहिरींवर बिडाचे पंप बसत. मुळात एका घरासाठी बनवलेल्या परदेशी पंपांची ती नक्कल होती. दांड्याला दोन-तीन ठिकाणी खिळी. अख्ख्या गावानं दिवसभर हापसलं की खिळी झिजायची, भोक मोठं व्हायचं, दांडा डुलायला लागायचा आणि शेवटी बीड तडकायचं. जालन्याच्या मिशनमधल्या कारागिरांनी यावर पोलादी पंप बनवला, दांडा एकाच आसावर फिरणारा. त्याला जालना पंप म्हणत. सोलापुरात त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप झाला, आणि त्यावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू तयार झाला. त्याचं भारतीय मानक, आयएस ९३०१, १९७९ चं. आज आफ्रिकेतल्या कित्येक खेड्यांत जो पंप चालतो त्याचं मूळ आपल्या जालन्यात आहे. हे आपल्या पोरांना शाळेत कुणीतरी सांगायला पाहिजे.

तेरणाकाठची
दादा, यंत्राचं बरोबर लिहिलंत. पण हापशानं घरातल्या दिवसाचं काय केलं तेही लिहायला हवं.

आडाचं पाणी शेंदणं म्हणजे पन्नास फुटांवरून दहा लिटरचा पोहरा नुसत्या हातांच्या जोरावर वर ओढायचा. रहाट सगळ्याच आडांवर नसायचा. पोहरा कडेला आपटून निम्मा सांडायचा, म्हणून हंडा भरायला दोन-तीन खेपा. दोरानं तळहाताला घट्टे पडायचे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की माणूस खाली उतरून झऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं भरायचा. हापशावर तोच हंडा उभ्याउभ्या मिनिटा-दीड मिनिटात भरतो, आणि दहा वर्षांचं पोरही भरतं.

दुसरी गोष्ट नारूची. मराठवाड्यात बारवा पुष्कळ. बारवेत पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून भांडं भरायचं. नारूच्या रोग्याच्या पायाला फोड असे, तो पाण्यात फुटला की त्यातून अळ्या सुटत. त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा बारीक पाणकिडा खाई आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हात-दीड हात लांबीचा जंत तयार होई. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. बंद बोअरमध्ये कुणाचा पाय जाणारच नाही, म्हणून तिथं ही साखळी तुटली. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मधला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. याचं सगळं श्रेय हापशाला नाही. कापडानं पाणी गाळायला शिकवणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद किंवा बदलून घेणं, पाण्यात औषध टाकणं हेही सोबत झालं. पण माणसानं पाण्यात उतरायचंच नाही, हे हापशानं साधलं.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड, तरी लिहिते. आडावर ज्यांना दोर टाकू देत नसत त्यांना दुसऱ्यानं वरून पाणी ओतायची वाट बघत बसावं लागे. त्यांच्या वस्तीत स्वतःचा हापसा लागला त्या दिवसापासून ती वाट बघणं संपलं. म्हणून वस्तीतला हापसा काढताना वस्तीला विचारल्याशिवाय पाना लावू नये.

चोवीसइंची
आता आत काय असतं ते सांगतो.

जमिनीवर तीन भाग. ओट्यात पाय रोवलेला स्टँड, त्यावर तोटी असलेली पाण्याची टाकी, आणि त्यावर डोकं. डोक्यात आस, आसावर ६२०४ नंबरच्या दोन बेअरिंगा, आणि दांड्याच्या मागच्या कमानीला एक इंच पिचची साखळी. साखळीच्या खाली १२ मिमीचे रॉड, प्रत्येकी ३ मीटर. रॉडभोवती सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, तेही ३-३ मीटरचे. सगळ्यात खाली पितळी अस्तराचा सिलिंडर, आतला व्यास ६३.५ मिमी. त्यात रॉडला लावलेला पिस्टन आणि बुडाला फूटव्हॉल्व, म्हणजे वर आलेलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप. पिस्टनची धाव १२५ मिमी. गुणाकार केला तर एका हापशात साधारण ४०० मिलि, चाळीस हापशांत पंधरा-सोळा लिटर.

दांड्याचं प्रमाण आठास एक. सिलिंडर ४५ मीटरवर असेल तर पिस्टनवर पाण्याचा भार १४० किलोच्या वर आणि रॉडचं वजन ४० किलो. त्याला आठानं भागलं की हातावर तेवीस किलोच्या आसपास येतात. म्हणून साधा मार्क टू ४५ मीटरपर्यंतच लावावा. त्याच्या खाली, ९० मीटरपर्यंत, जास्त खोलीचा वेगळा नमुना मिळतो. साध्या डोक्यावर पाइप वाढवत गेलं की साखळी आणि बेअरिंग लवकर जातात, आणि बाईमाणसाच्या खांद्याचं जे होतं ते वेगळंच.

दोन चाचण्या कुणालाही करता येतात. सलग धार लागेपर्यंत हापसा, मग अर्धा तास हात लावू नका. परत हापसल्यावर पाचाच्या आत पाणी आलं तर फूटव्हॉल्व आणि पाइपाचे सांधे ठीक. जास्त हापसावं लागलं तर पाणी खाली गळतंय. नंतर सलग धार असताना बादली लावून मिनिटात चाळीस वेळा हापसा. दहा लिटरच्या आत भरलं तर पिस्टनचे वॉशर गेले.

पाणी अजिबात येत नाही आणि दांडा एकदम हलका लागतो, तर रॉड तुटलाय किंवा सुटलाय. दांडा थोडा जड पण पाणी नाही, तर वॉशर संपले किंवा पाणी सिलिंडरच्या खाली गेलं. दांडा आडवा डुलतो, तर आधी आसाचे नट आवळून बघा, तरी डुलला तर बेअरिंग बदला. दांडा वर नेताना साखळी दुमडते, तर वॉशर सिलिंडरमध्ये घट्ट बसलाय आणि रॉड आपल्या वजनानं खाली उतरत नाही. नवीन चामडी वॉशर कोरडा बसवला की हे हमखास होतं. तो आदल्या रात्रीपासून गोड्या तेलात भिजत ठेवावा. नायट्राइल रबरी वॉशरला ही कटकट नाही आणि तो टिकतोही जास्त.

महिन्यातून एकदा झाकणाचा बोल्ट काढून साखळीला ग्राफाइट ग्रीस आणि फ्लँजचे (दोन भाग जोडणाऱ्या रुंद कडेचे) सगळे बोल्ट १७-१९ च्या पान्यानं आवळणं, एवढं केलं तरी निम्मे बिघाड होत नाहीत. ढिल्या बोल्टवर हापसत राहिलं की डोकं हलतं, आणि हळूहळू स्टँडचे पाय ओट्यातून सुटतात. मग सगळा ओटाच फोडावा लागतो.

नवखा_सदस्य
आमच्या पंचायतीच्या यादीत नुसतं हातपंप लिहिलंय. मार्क टू की मार्क थ्री हे कसं ओळखायचं? आणि फरक काय पडतो?

चोवीसइंची
फरक पाइपात आहे. मार्क टूचा पाइप सव्वा इंची, सिलिंडरपेक्षा बारीक. त्यामुळं आतला वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. मार्क थ्रीचा पाइप अडीच इंची, म्हणून पिस्टन आणि फूटव्हॉल्व पाइपातूनच वर येतात, पाइप जागेवर राहतो. झाकण उघडून टाकीत डोकावलं की पाइपाची जाडी कळते. मार्क थ्रीचं मानक आयएस १३०५६. त्यात वॉशर बदलायला दोन-तीन माणसं पुरतात. मार्क टूला सहा लागतात.

का लागतात ते बघा. एक पाइप नऊ-साडेनऊ किलो, रॉड पावणेतीन किलो, आणि फूटव्हॉल्व धरत असेल तर पाइपात अडीच-तीन लिटर पाणी. पंधरा पाइप म्हणजे सव्वादोनशे किलो. हे सगळं एका क्लँपवर लोंबकळत असतं.

बालाघाट
मंडळी, मन दुखावेल तरी बोलतो. हापशाचा काळ गेला. जुन्या निकषात २५० माणसांना एक हातपंप आणि माणशी ४० लिटर. म्हणजे रोज १०,००० लिटर. मिनिटाला १५ लिटरनं न थांबता हापसलं तरी अकरा तास. त्यातूनच पहाटे चारपासून हंड्यांच्या रांगा लागत होत्या आणि नंबरावरून भांडणं होत होती. आता १५ ऑगस्ट २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर, तेही घरातल्या नळाला. रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईनं आता पुन्हा हापशावर जावं असं आपण म्हणतोय का?

तेरणाकाठची
तसं कुणीच म्हणत नाही, भाऊ. नळाला पाणी आलंच पाहिजे, तो तिचा हक्क आहे. पण ज्या दिवशी नळाला येत नाही त्या दिवशी काय, एवढाच प्रश्न आहे. प्यायला आणि सैपाकाला माणशी सात-आठ लिटर लागतात. २५० माणसांचे दोन हजार लिटर. हापसा ते सव्वादोन तासांत देतो, विजेशिवाय.

काळापाषाण
बालाघाट सरांचा हिशेब बरोबर आहे. त्यात खडकाचा हिशेब मिळवायचा राहिलाय.

आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (बारीक छिद्रांचा, मऊ बेसाल्ट) आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे घट्ट बेसाल्ट. बेसाल्टच्या अंगात पाणी नसतं. ते भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात असतं. म्हणून बोअर म्हणजे टाकी नव्हे, भेगेतून झिरपणारं पाणी जमा करणारी नळी. सहा इंची बोअरच्या एका मीटरमध्ये साडेसतरा लिटर पाणी मावतं. ३० मीटर उभं पाणी असलं तरी हातात सव्वापाचशे लिटर.

समजा बोअरची आवक तासाला १,००० लिटर आहे. हापसा न थांबता चालला तरी तासाला ९०० काढतो, म्हणजे बोअर कधी कोरडा पडत नाही. त्याच बोअरमध्ये तासाला ३,००० लिटर ओढणारी मोटार सोडली तर पाणी दर तासाला २,००० लिटरनं घटतं आणि सोळा मिनिटांत नळी रिकामी. मोटार हवा ओढते, तापते, वायंडिंग जळतं. गाव म्हणतं बोअर आटला. बोअर आटलेला नसतो, त्याच्या आवकीपेक्षा जास्त ओढलेलं असतं. मोटार टाकण्याआधी आवक मोजून घ्या, आणि ती मोजणी मेअखेरची पाहिजे. दिवाळीच्या मोजणीवर मोटार निवडली की उन्हाळ्यात ती जळणारच.

आता दोन्ही एकाच बोअरमध्ये कसं बसवायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं राज्यात सौर दुहेरी पंपाच्या योजना केल्यात: तोच बोअर, वर हापसा तसाच, आत लहान सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायची मोटार), वर ५,००० लिटरची टाकी आणि सौर पट्ट्या. स्टँडखाली वेगळा चेंबर बसवतात, त्यातून मोटारीचा पाइप बाजूनं बाहेर निघतो.

जागेचा हिशेब असा. बोअर १५० मिमी. मोटार १०० मिमी, हापशाचा सिलिंडर बाहेरून ऐंशीच्या आसपास. दोन्ही एका पातळीवर शेजारी मावत नाहीत. म्हणून मोटार खाली आणि सिलिंडर तिच्या वर. सिलिंडरच्या बाजूनं मोटारीचा ४० मिमीचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप आणि केबल वर येते. पण इथंच घोळ होतो. मोटार खाली असल्यामुळं ती पाणी सिलिंडरच्या खाली ओढून नेते आणि हापसा कोरडा पडतो. मग लोक म्हणतात, बघा, हापसा बंदच पडला, काढून टाका. उपाय स्वस्त आहे. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सेन्सरचं टोक सिलिंडरच्या दोन-तीन मीटर वर बांधा आणि पॅनलला जोडा. पातळी तिथवर उतरली की मोटार आपोआप बंद. खालचं पाणी हापशाचं.

केबल दर तीन मीटरला पाइपाला बांधायची, आणि हापशाच्या पाइपाच्या कपलिंगला ती घासणार नाही असं बघायचं. हापसताना जीआय पाइप थरथरतो. कपलिंगची कड महिनोन्‌महिने केबलवर घासली की आवरण फाटतं आणि मोटार अर्थ होते, म्हणजे वीज बाहेर पाण्यात-पाइपात उतरते.

बालाघाट
सेन्सर सिलिंडरच्या वर बांधायचा हे आमच्या भागातल्या एकाही कामात पाहिलेलं नाही. आवकीचा मुद्दाही पटला. माझा विरोध हापशालाच पर्याय म्हणून पुढं करण्याला होता, सोबत ठेवण्याला नाही. पण दुरुस्तीला पथकाची वाट बघायची म्हटलं की गाव कंटाळतं. गावातल्या गावात मार्क टू उघडता येतो का?

चोवीसइंची
येतो. साधनं मात्र पूर्ण पाहिजेत, नाहीतर पाइप हातातून सुटून बोअरमध्ये जातात आणि मग ते फिशिंगचं, म्हणजे आत पडलेलं गळ टाकून काढायचं, काम होऊन बसतं.

आधी झाकण काढा. दांडा वर उचला, साखळी खाली येईल. साखळीच्या कपलिंगखाली आधाराचं हत्यार सरकवा, म्हणजे रॉड खाली पडणार नाहीत, मगच साखळीचा नट-बोल्ट सोडा. आसाचे नट काढून पंचानं आस ठोका. थेट हातोडा मारायचा नाही, आट्या बसतात. दांडा बाहेर काढा. आता रॉडला रॉड-व्हाइस लावून फ्लँजचे बोल्ट सोडा आणि डोकं उतरवा. टाकी उचलण्याचं हत्यार लावून टाकी थोडी वर घ्या, पाइपाला स्टँडवर सेल्फ-लॉकिंग क्लँप लावा. क्लँप पकडतोय याची खात्री झाल्यावरच टाकी आट्यांतून सोडवा.

मग एकेक पाइप. उचलण्याचे पाने लावून चौघं वर ओढतात, पाचवा क्लँप सांभाळतो, सहावा चोवीस इंची पान्यानं पाइप खोलतो. पाइप सुटला की आतला रॉडही सोडायचा. काढलेले पाइप मातीत टाकू नका, लाकडावर ठेवा. जोडताना आट्या ब्रशनं साफ करून त्यावर सीलंट लावा. अर्ध्या आट्यांवर सोडलेला सांधा काही महिन्यांत गळतो, नाहीतर तुटून खाली जातो. आट्या झिजलेला पाइप परत घालायचा मोह टाळा.

शेवटचा रॉड कापणं हे नाजूक काम. पिस्टन सिलिंडरच्या तळाला टेकलेला असताना टाकीच्या वरच्या फ्लँजच्या पातळीवर रॉडवर खूण करायची, रॉड थोडा वर घेऊन व्हाइसमध्ये धरायचा, खुणेवर कापायचा, कड कानसीनं साफ करायची आणि १२ च्या डायनं आट्या पाडायच्या. रॉड आखूड झाला तर पिस्टन वरच्या टोपीला ठोकतो, लांब राहिला तर तळाला आपटतो आणि साखळी ढिली पडते. दोन्हीत दांड्याला झटका बसतो, आणि तो झटका आठवड्याभरात बेअरिंग खातो.

पंचायतीनं कपाटात ठेवायचे भाग: वॉशरचे दोन संच, फूटव्हॉल्वचं रबर, दोन बेअरिंगा, एक साखळी, आस नटासकट, रॉड तीन, पाइप दोन, कपलिंग चार-पाच. आयएसआय शिक्का बघून घ्या. बिनशिक्क्याच्या सिलिंडरचं पितळ पातळ असतं, वाळू आली की चरे पडतात आणि नवा वॉशरही लगेच फाटतो.

पाणीतपास
उघडलेल्या पंपाचा फायदा घेऊन निर्जंतुकीकरण करून टाकावं. बोअरमध्ये ४० मीटर पाणी असेल तर सुमारे ७०० लिटर. २५ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दीडशे ग्रॅम पुरते. बादलीभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी केसिंग (बोअरच्या तोंडाचा बाहेरचा पाइप) आणि हापशाच्या पाइपाच्या मधल्या फटीतून ओता. पंप जोडून क्लोरीनचा वास येईपर्यंत हापसा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत पाणी फेकून द्या. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर ओटी टेस्टला (पाण्यातला क्लोरीन रंगावरून ओळखायच्या चाचणीला) रंगच देत नाही. तिचा उपयोग नाही.

एवढं करूनही ओटा तडकलेला असेल तर सगळं वाया. सांडपाणी भेगेतून केसिंगच्या कडेनं थेट खाली उतरतं. ओटा निदान सहा फूट व्यासाचा, कडेला उंचवटा, पाणी वाहून नेणारी नाली आणि शेवटी शोषखड्डा. नवा ओटा सात दिवस पाणी मारून मुरू द्यायचा, तोवर दांडा बांधून ठेवायचा. ओट्यावर म्हशी धुणं बंद.

आणि रासायनिक तपासणी चुकवू नका, कारण बंद बोअरचं पाणी जंतूंपासून बरंचसं सुरक्षित असलं तरी फ्लोराइड खडकातूनच येतं. नांदेडच्या किनवट भागात हा त्रास आहे. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. नायट्रेट ४५ च्या आत. फ्लोराइड जास्त निघालं तर त्या हापशाला लाल रंग द्या आणि फक्त वापरायला ठेवा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं.

नवखा_सदस्य
आमच्याकडं एक बोअर खरंच कोरडा आहे, चार वर्षं पाणी नाही. त्याचं डोकं काढून दुसरीकडं लावलं तर चालेल ना?

काळापाषाण
जरूर लावा, भाग वाया घालवू नका. पण केसिंग एक दिवसही उघडं ठेवू नका. पोर पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये उघड्या बोअरबद्दल निर्देश दिलेत. दगड किंवा पोतं झाकून भागत नाही. केसिंगच्या तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड करून घ्या, आणि बोअर बुजवायचा नसेल तर त्या पत्र्याला अर्ध्या इंचाचं भोक पाडून आट्यांचा प्लग लावा. मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये प्लग काढून टेप सोडायची आणि पाणी किती मीटरवर आहे ते वहीत लिहून ठेवायचं. चांगल्या पावसानंतर पातळी वर आली तर तिथं हापसा परत बसवता येईल.